हौदाचं पाणी

आमच्या घरात प्रत्येक वस्तू आधी वाजवून बघितली जायची. आई ती फरशीवर टाकायची, कान द्यायची आणि पायाने डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायची. शाम्पूची बाटली पडली की दबका, थपकन आवाज यायचा, ती नरम. तुटका कंगवा टिक्‌कन वाजायचा, तो कडक. नरम म्हणजे बादल्या, डबे, मग, झाकणं. कडक म्हणजे कंगवे, पेनं, कॅसेटची कव्हरं. ही दोन एकत्र वितळवली तर वस्तू वरून गुळगुळीत दिसते आणि पहिल्या दणक्याला फुटते, हे मला पाढे यायच्या आधीपासून माहीत होतं. शाळेत कोणाची पट्टी पडली तरी माझ्या डोक्यात 'कडक' असं उमटायचं. आजही उमटतं. परवा दवाखान्यात नर्सच्या हातून औषधाचं झाकण पडलं आणि मी मान वळवून म्हटलं, नरम. तिला वाटलं मी उशीबद्दल बोलतेय.

घर भाईंदरजवळच्या खारी गावात होतं, आईच्या माहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर. पुढे दोन खोल्या, मागच्या दाराने बाहेर पडलं की बाबांचा गाळा. बाबा मूळचे सांगलीकडचे. भाईंदरला ते एका कारखान्यात प्लास्टिक मोल्डिंगच्या मशिनवर नोकरीला आले आणि आगऱ्यांचे जावई झाले. त्यामुळे आमच्याकडे दोन प्रकारच्या भाकऱ्या होत. आईची तांदळाची, पांढरी आणि मऊ. बाबांची ज्वारीची, तीही आईच करायची पण तोंड वाकडं करून. तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट किंवा बोंबलाचं आंबट, ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा. मी ठेचा तांदळाच्या भाकरीशी खायचे, त्याबद्दल दोन्ही बाजू मला नावं ठेवत. कोपऱ्यात चिनी मातीची बरणी असे, तीत मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या. मीठ विकत आणलेलं मला आठवत नाही. मामा मिठागरात कामाला होता आणि येताना पिशवीत मीठ आणत असे, जसे इतरांचे मामा खाऊ आणतात.

बाबांनी नोकरी सोडून गाळा टाकला तो भंगारातलं प्लास्टिक धुऊन, दळून विकण्यासाठी. गाळ्यात एक ग्राइंडर होता. तो चालू झाला की घरातल्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि आई फोडणी देता देता मोठ्याने बोलायची. तो बंद झाल्यावरही काही वेळ तशीच बोलत राहायची. मोठ्या वस्तू ती वाजवून निवडायची. पण भंगारात बारीक तुकडेच जास्त असत आणि ते एकेक करून वाजवत बसणं शक्य नव्हतं. ते दळून त्यांचा चुरा करायचा आणि सिमेंटच्या हौदात टाकायचा. नरम चुरा तरंगतो, कडक तळाला जातो. आई लांब दांड्याच्या जाळीच्या झाऱ्याने वरचा चुरा अलगद काढायची, पुऱ्या काढतात तशी. घाई केली तर खालचं ढवळून वर येतं, म्हणून हे काम ती दुसऱ्या कोणाला देत नसे. शेजारच्या गाळ्यातले हसमुखभाई, ज्यांच्या मोठ्या मशिनवर आमच्या चुऱ्याच्या वस्तू बनत, ते आईचा माल मुठीत घेऊन म्हणायचे, "भाभी का हाथ लगा है ना? तो फिर देखना नहीं पडता." आई हे ऐकून झारा झटकून पुढच्या खेपेला लागायची. त्या दिवशी ज्वारीच्या भाकऱ्या मात्र जरा पातळ थापल्या जायच्या.

पहिलं मोठं काम आलं ते मासळीच्या टबांचं. मार्थाबाय उत्तनहून भाईंदरच्या बाजारात मासळी घेऊन यायची. बाबा तिच्याकडून मासळी घेत आणि घासाघीस करत. एकदा तिचा टब बुडाशी फुटलेला पाहून बाबांनी विचारलं, याचं पुढे काय करता. पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे.

"काय करनार? देते फेकून खाडीत. मंगा चार दिसांनी तोच माझ्या घोवाच्या जाल्यात येतो. तो बोलतो, बघ, तुझा टब पकडून आनलाय, याला किती भाव?"

"मला द्या तुकडे. त्याचाच नवा बनवून देतो. तो फुटला की परत तुकडे आणा, परत नवा न्या."

"आनि नव्याचा बूड गेला तं?"

"नाही जायचा. आमच्या घरचं निवडलेलं असतं."

मार्थाबायने आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. तिथल्या ओळीत तिचा शब्द चालायचा. "बरा," ती म्हणाली, "सगल्यांचे घेऊन जा. पन एक सांगते शेट, एकदाच. बर्फ टाकला आनि फुटला, तं परत हिकडं तोंड दाखवू नको, मासली पन भेटनार न्हाय."

बाबांनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. टब बाजारात टिकले तर काम कायमचं लागणार होतं. नाही टिकले तर गाळा बंद करून बाबांना जुन्या कारखान्यात परत जावं लागलं असतं, आणि त्या कारखान्याच्या मालकाने, हा महिनाभरात परत येतो, असं सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं. आई म्हणाली, "मंग मीच काढीन सगला चुरा. कोन हात लावू नका."

नेमकं त्या आठवड्यात पाणी गेलं. नळाला एक दिवसाआड येणारं पाणी बंद झालं ते पुढे दोनेक आठवडे आलंच नाही, एखादा हंडा लांबून भरून आणावा लागे. प्यायचं पाणी हंड्यात झाकून ठेवलेलं, हौद कोरडा, आणि उत्तनहून आलेल्या फुटक्या टबांचा आणि इतर भंगाराचा ढीग छपरापर्यंत. बाबांनी मामाला निरोप पाठवला. मामा टेम्पोत पाण्याचे ड्रम घालून आला. माझ्या आठवणीत ड्रम तीन होते; मामा शेवटपर्यंत चार म्हणत असे.

"पानी खारा हाय हां," तो उतरताच म्हणाला. "मिठागरातला हाय."

बाबा विचारात पडले. मामा हसला. "भावजी, पलास्टिक काय पिनार हाय काय? त्याला गोडा काय नि खारा काय!"

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आईचं लहानपण मिठागराच्या बांधावर गेलं होतं, तिलाही पटलं. हौद भरला, ग्राइंडर दिवसभर ओरडला आणि आईने तीन दिवस चुरा काढला. त्या खेपेला तळाला फारच थोडं उरलं. आईने त्याचा अर्थ असा लावला की माल चांगला आलाय, आणि भंगारवाल्या सलीमचाचांना बोलावून चहा दिला. चाचांनी हे कौतुक कशासाठी ते न विचारता दोन कप घेतले.

टब सुंदर झाले. गडद हिरवे, चकचकीत. हसमुखभाईंनी टकटक केलं, "फर्स्ट क्लास छे." बाबांनी ते टेम्पोत चढवून बाजारात नेले तेव्हा सुट्टी असल्यामुळे मी बरोबर होते. मार्थाबायने टब धुतला, त्यात केळीचं पान घातलं, पापलेट मांडले आणि बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा घेऊन वर टाकला. आवाज झाला तो मी ओळखला. टिक्‌कन, कडक. टब बुडापासून काठापर्यंत उभा चिरला आणि पापलेट सरकत ओल्या फरशीवर आले. दोन मांजरं इतक्या तत्परतेने हजर झाली की जणू त्यांना आधी कळवलेलं होतं. मग दुसऱ्या बाईने आपल्या टबात बर्फ टाकून पाहिला. तोही गेला. तिसरीने बर्फ न टाकता नुसता टब आपटला. ओळीत हशा पिकला.

"शेट," मार्थाबाय म्हणाली, "टब आनला का पापड?"

बाबांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "आमच्या हिच्या हातून निवडताना चूक झाली वाटतं."

त्यांच्या बाजूने सांगायचं तर त्यांना त्या क्षणी दुसरं कारण दिसत नव्हतं. कडक माल नरममध्ये गेला होता एवढं त्यांना त्या आवाजावरून माझ्याइतकंच कळलं होतं. पण वाक्य भर बाजारात बोललं गेलं आणि आम्ही घरी पोचायच्या आत खारीत पोचलं. आई चुलीशी होती. तिने विचारलं, "काय बोललात तिथं?" बाबांनी पंख्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मी एक कंगवा पन जाऊ दिला न्हाय." बाबा म्हणाले, "असू दे, थकली असशील. दोन दिवस मी बघतो हौदाचं." त्यांना वाटत होतं आपण समजूतदारपणे बोलतोय. आईने झारा आणून त्यांच्यासमोर ठेवला, भाताशी डाव ठेवतात तसा व्यवस्थित, आणि त्यानंतर चार दिवस आमच्या घरात फक्त तांदळाच्या भाकऱ्या झाल्या.

ते चार दिवस मला फार मोठे आठवतात. आई वस्तू वाजवून बघायची थांबली. दुधाची पिशवी कापताना कोपरा हरवून भंगारातून वाया जाऊ नये म्हणून ती तो नेहमी पिशवीलाच लटकता ठेवायची, आता तोडून टाकायची. एकदा मी पेन पाडलं आणि तिच्याकडे बघितलं. ती बघत नव्हती. मागे गाळ्यात बाबा हौदाशी वाकून त्याच उरलेल्या पाण्यातून चुरा काढत, आणि त्यांनाही तळाला फारच थोडं सापडत होतं. जुन्या कारखान्यात त्यांनी निरोपही पाठवला होता, हे मला पुढे कळलं.

पाचव्या दिवशी आईने मला अंडी आणायला पाठवलं. सहा. आमच्याकडे अंडी पाण्यात टाकून बघायची पद्धत होती: ताजं अंडं बुडतं, शिळं तरंगतं. हंड्यातलं पाणी वाया घालवायला मनाई होती, म्हणून मी मागे जाऊन मामाच्या ड्रममध्ये उरलेलं डबाभर पाणी घेतलं आणि अंडी त्यात सोडली. सहाच्या सहा वर आली, बुचासारखी. मी ती परत पिशवीत घातली आणि तावातावाने दुकानात गेले.

अंडेवाला उत्तरेकडचा, शांत माणूस होता. मी हिंदीतून सुरू केलं. आमच्याकडे भांडण हिंदीतूनच व्हायचं. "भैया, सब का सब सडा हुआ अंडा दिया तुमने. छे के छे उपर आ गये."

"आज सुबह का माल है, बेबी."

"मेरी आँख से देखा मैने!"

त्याने स्वतःच्या प्यायच्या पाण्याची पातेली पुढे ओढली आणि एकेक अंडं सोडलं. सहाही तळाला जाऊन आडवी झाली. गिऱ्हाइकं गोळा झाली होती. कोणीतरी टाळी वाजवली.

"बेबी," तो म्हणाला, "मेरा अंडा ठीक है. तुम्हारे घर का पानी खराब है."

मी लाल होऊन घरी आले आणि आईला सगळं सांगितलं, तिने त्या माणसाला झापावं म्हणून. आई झापायला उठली नाही. ती भांडं घासत होती, ते हातात तसंच राहिलं. मग तिने विचारलं, "कंच्या पान्यात टाकलीस अंडी?"

"मामाच्या."

ती उठली. केसातला कंगवा काढला, तोच, रोजचा, त्याचा एक दात काडकन मोडला. मागच्या दाराने गाळ्यात गेली, मी मागोमाग. बाबा झारा घेऊन उभे होते. आईने त्यांना कोपराने बाजूला केलं आणि कंगव्याचा दात हौदात टाकला. तो बुडाला आणि हळूच वर आला. ती परत घरात गेली, हंड्यातलं प्यायचं पाणी, ज्याला आम्ही हात लावायचा नव्हता, ते वाटीभर घेऊन आली आणि तोच दात त्यात टाकला. तो तळाला जाऊन बसला.

ग्राइंडर बंद होता. वाट्याही वाजत नव्हत्या.

"मिठागरातली पोर मी," आई म्हणाली. "तिथं खाऱ्या पान्यात आमी पोरं बुडायची पन न्हाय, उतानी पडून ऱ्हायचो. आनि मना कलू नये!"

शोध कोणी लावला याबद्दल घरात पुढे दोन मतं होती. बाकी सगळे म्हणायचे, आईने. मामा म्हणायचा, मी. कारण पाणी मी आणलं. अंडेवाल्याला कोणी विचारलं नाही.

बाबा म्हणाले, "मग झालं तर. आता कळलं ना, संपलं."

"संपला न्हाय," आई म्हणाली. "माझा नाव तुमी बाजारात घेतलात. आता बाजारात जाऊनच सांगा."

"अगं, मार्थाबायने सांगितलंय, तोंड दाखवू नको म्हणून."

"मंग पाठ दाखवून सांगा. पन तिथंच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बाजारात गेले. हातात लोणच्याची रिकामी काचेची बरणी, मिठाची पिशवी आणि खिशात दोन तुकडे: एक बादलीचा, एक कंगव्याचा. आई बरोबर आली होती, पण पंधरा पावलं मागे राहून कोलंबीचे भाव विचारत होती, जणू तिचा या माणसाशी संबंध नाही. मी दोघांच्या मध्ये. बाबांनी बाजारातल्या नळाखाली बरणी भरली, मार्थाबायच्या समोरच्या फळीवर ठेवली आणि दोन्ही तुकडे टाकले. बादलीचा वर, कंगव्याचा खाली. मग त्यांनी मूठमूठ मीठ घालून मार्थाबायच्याच सुरीने ढवळायला सुरुवात केली. पहिल्या दोन मुठींना काही झालं नाही. बायका हसायला लागल्या.

"मिठात मुरवतोय काय रं कंगवा?"

चौथ्या मुठीला कंगव्याचा तुकडा तळापासून सुटला, मध्ये थबकला आणि वर आला. हसणं थांबलं. बाबा मान वर न करता म्हणाले, "आमच्या हिच्या हातून चूक झाली, असं मी इथं बोललो होतो. चूक पाण्याची होती. आणि पाणी मी मागवलं होतं."

मार्थाबायने बरणी उचलली, उन्हाकडे धरून बघितली, हलवली. परत खाली ठेवली. मग बाबांच्या डोक्यावरून मागे बघत ओरडली, "ए बाय! हिकडं ये. कोलंबीवालीला काय उगा छलतेस? तुला घ्यायची न्हाय ती." आई पुढे आली. "तुझा घोव जादूगार झाला बघ. आता टब तू आनून दे. त्याच्या हातून नको. तू निवडलेला फुटला तं मी तुला बोलेन, तू मना बोल."

आईने तिच्या समोरच्या पापलेटचे कल्ले उघडून बघितले आणि ती म्हणाली, "आजचा हाय काय?"

"पान्यात टाकून बघ," मार्थाबाय म्हणाली, आणि त्या दोघी जे हसल्या ते बाबांना फारसं आवडलं नाही.

नळाला पाणी आलं, नवे टब झाले आणि ते टिकले. त्यातले फुटके काही वर्षांनी तुकडे होऊन परत आले, पुन्हा टब होऊन गेले. गाळ्यात दुसरा हौद बांधला, खास खाऱ्या पाण्याचा. पहिल्या हौदात जे तळाला जायचं ते दुसऱ्यात टाकलं की कंगवे-कव्हरांचा माल वर येऊन वेगळा निघायचा आणि पाण्याच्या बाटल्यांचा खाली राहायचा. आतापर्यंत हे सगळं एकत्र, मातीमोल जायचं. मामा हक्काने ड्रम आणू लागला. झाऱ्याला बाबांनी पुन्हा हात लावला नाही. मध्यंतरी पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीत एक तरुण चक्रीय अर्थव्यवस्थेवर बोलायला आला होता. पडद्यावर त्याने बाणांचं गोल दाखवलं आणि प्लास्टिक पाण्यात कसं वेगळं करतात ते सांगितलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर ऐंशी वर्षांच्या आईने हात वर केला आणि विचारलं, "पानी कुठचा घेता?" त्याला प्रश्न कळला नाही. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "फुटनार याचे टब."

राहिले ते पापडासारखे टब. एकदा एकजीव झालेलं नरम-कडक परत वेगळं होत नाही. त्याला कुठलंच पाणी चालत नाही. बाबा ते फेकायला निघाले होते. आई म्हणाली, पातळ केलं म्हणून फुटतंय, जाड करून बघा. हसमुखभाईंकडे बसायच्या पाटाचा साचा पडून होता, चांगला चार बोटं जाड. सगळे टब दळून त्याचे पाट केले आणि आईने ते बाजारात ओळीतल्या प्रत्येक बाईला एकेक असे वाटले, नव्या टबाबरोबर. नियम तोच सांगितला: फुटला की आणा, बदलून देऊ.

गाळा आता नाही. तिथे इमारत आहे. बाबाही नाहीत. मार्थाबायच्या जागेवर तिची सून रोझी बसते. गेल्या महिन्यात आईला घेऊन मी बाजारात गेले होते. रोझी उठली आणि आपला पाट काढून आईला बसायला दिला. गडद हिरवा, कडा झिजून गोल झालेल्या. आई बसली नाही. वाकून तिने बोटाच्या सांध्याने तो दोनदा वाजवला आणि कान दिला.

"अजून फुटला न्हाय?"

"न्हाय गो काकी. सासू बोलायची, हाच एक परत द्यायचा राहिला."

आई समाधानाने बसली. थोड्या वेळाने, कोणी विचारलेलं नसताना, शेजारी बसलेल्या एका अगदी नव्या, अनोळखी मासळीवालीला तिने सांगितलं, "यात माझी चूक नव्हती हां. पानी खारा होता."